कोरड्या हवेत गिटार, व्हायोलिन, सतार: आधी मोजा, मग ओलावा द्या, दुरुस्ती सगळ्यात शेवटी

हवा कोरडी झाली की दरवेळी हेच होतं. तार बझ (झरझर आवाज) करायला लागते, मग कोणी सॅडलखाली (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीखाली) कागदाची घडी सारतं, कोणी ट्रस रॉड (नेकच्या म्हणजे मानेच्या आतली सळई) पिळतं, कोणी फ्रेटबोर्डला (बोटं टेकवायच्या पट्टीला) तेल चोपडतं, कोणी खुंटीला खडू लावून जोरात दाबून बसवतं, आणि एवढं सगळं करून महिन्याभराने ब्रिजच्या मागे बारीक चीर दिसली की मग पहिल्यांदा ह्युमिडिटी मीटर घरात येतो. म्हणजे जे पहिलं करायचं ते शेवटी, आणि ज्याची कदाचित गरजच पडली नसती ते आधी. चुका बहुतेक क्रमाच्याच असतात, म्हणून खाली सगळं क्रमाने लिहितोय, मधल्या पायऱ्या गाळू नका.

सुरू करण्याआधी एवढं डोक्यात ठेवा

लाकूड कितीही जुनं असो, कितीही पॉलिश केलेलं असो, हवेतला ओलावा ते घेत-सोडत राहतं. ह्युमिडिटी ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं, तीच ३० टक्क्यांवर येऊन काही आठवडे तिथेच टिकली तर ६ टक्क्यांच्या आसपास उरतं. पाणी गेलं की लाकूड आखडतं, पण सगळीकडून सारखं नाही. लाकडातल्या रेषांच्या लांबीत जवळजवळ काहीच नाही, रेषांना आडवं मात्र चांगलंच. स्प्रूसची (गिटारच्या वरच्या फळीला वापरतात ते लाकूड) ४० सेंटिमीटर रुंद फळी नुसती मोकळी ठेवली असती तर एवढ्या फरकात ती पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास अरुंद झाली असती.

पण गिटारची फळी मोकळी नसते ना. आतून आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवलेल्या, कडेने बाजू चिकटवलेली, वरून ब्रिज चिकटवलेला, आणि फळीची जाडी जेमतेम अडीच-तीन मिलीमीटर. आखडायचंय पण जागचं हलता येत नाही, मग आधी फळीचा हलका फुगवटा बसतो, मग खड्डा पडतो, आणि शेवटी जिथे कमजोर असेल तिथे रेषेच्या बाजूने चीर जाते.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. ४५ ते ५५ टक्के म्हणजे मस्त, ४० ते ६० मध्ये असेल तर झोप उडवून घेऊ नका, ४० च्या खाली गेलं की काम सुरू करा, आणि ३० च्या खाली बरेच दिवस राहिलं तर चीर जाणार की नाही हा प्रश्न नसून कधी जाणार हा आहे.

'माझं गिटार लॅमिनेटचं आहे, मला काय' असं म्हणणाऱ्यांसाठी: प्लायसारख्या थरांच्या फळीला चीर सहसा जात नाही हे खरं, पण फ्रेटबोर्ड, नेक, ब्रिज हे लाकूड सॉलिडच असतं आणि ते आखडतंच. इलेक्ट्रिक गिटारलासुद्धा फ्रेटची (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येतात ती यामुळेच.

१. मीटर घ्या, आणि त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

पहिली चूक म्हणजे फोनवरचा हवामानाचा आकडा बघणं. तो बाहेरचा असतो. बाहेर ० अंश आणि शंभर टक्के ह्युमिडिटी असली तरी तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची ह्युमिडिटी २६-२७ टक्क्यांवर येते. हीटरने पाणी काढून घेतलेलं नसतं, हवा गरम झाल्यामुळे तिची पाणी धरायची ताकद वाढलेली असते आणि ती भूक ती तुमच्या गिटारवर भागवते. एसीचं वेगळं, तो खरोखरच हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर सोडतो. म्हणजे बाहेरचा आकडा काहीही म्हणो, वाद्य ज्या खोलीत आणि ज्या केसमध्ये (वाद्याच्या पेटीत) आहे तिथलाच आकडा हवा.

डिजिटल मीटर घ्या, काटेवाले छोटे मीटर दिसतात छान पण बऱ्याचदा पंधरा-वीस टक्के चुकतात आणि अडकूनही बसतात. दिवसभरातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा लक्षात ठेवणारा मिळाला तर उत्तम, कारण नुकसान रात्री हीटर चालू असताना होत असतं आणि तुम्ही बघता सकाळी.

आता तो मीटर तपासायचा. बाटलीचं एक झाकण घ्या, त्यात साधं मीठ भरा, थेंब थेंब पाणी टाकत मीठ ओल्या वाळूसारखं होईपर्यंत थांबा. विरघळून पातळ पाणी झालं तर चुकलं, अजून मीठ टाका. हे झाकण आणि मीटर दोन्ही एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मिठाचा मीटरला स्पर्श होऊ देऊ नका, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि ऊन, हीटर, पंखा यांपासून लांब एका जागी ठेवून द्या. किमान १२ तास, पूर्ण एक दिवस दिला तर जास्त चांगलं. ओल्या मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमचा मीटर ६९ दाखवत असेल तर तो ६ ने कमी दाखवतोय, मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर 'अधिक ६' लिहून टाका, सोपं काम. ही तपासणी ७५ वर झालेली असल्यामुळे ४० ला नेमकी तेवढीच चूक असेल असं नाही, पण अंदाजाला पुरते.

चेक: पिशवी उघडायच्या आधी आकडा वाचा. उघडून मीटर हातात घेऊन वाचलात तर तुमच्या श्वासाचाच आकडा वाचाल.

२. वाद्य आधी नुसतं बघा

मीटर पिशवीत आहे तोवर हे करा. काहीही घट्ट-सैल करायचं नाही, फक्त बघायचं आणि वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवायचं, दोन फोटो काढायचे. नंतर सुधारणा होतेय की नाही हे याच नोंदीवरून कळणार आहे.

गिटारला सगळ्यात आधी कळतं ते अंगठ्याला. नेकच्या कडेवरून अंगठा वरून खालपर्यंत फिरवा. एरवी गुळगुळीत लागणारी कड करवतीसारखी खरखरत असेल तर फ्रेटबोर्ड आखडलाय, फ्रेटची धातूची टोकं होती तिथेच आहेत पण लाकूड आत गेलंय. मग एक सरळ स्टीलची पट्टी घ्या आणि ब्रिजच्या मागे फळीवर आडवी, अलगद ठेवा. बहुतेक अकूस्टिक गिटारचा टॉप (वरची फळी) हलका फुगीर बनवलेला असतो, म्हणून पट्टी मधल्या भागावर टेकून दोन्हीकडे किंचित डुलायला हवी. पट्टी कडांना टेकली आणि मधे खालून उजेड दिसला तर टॉप खाली बसलाय. साउंडहोल (टॉपमधलं गोल भोक) आणि ब्रिजच्या मधल्या भागातही तसंच बघा. त्यानंतर फ्रेटबोर्डचा शेवटचा भाग जिथे टॉपवर चिकटवलेला असतो त्याच्या दोन्ही कडांना नीट बघा, चिरांना तिथून निघायला आवडतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकतो का ते बघा, सरकला तर ब्रिज उचकटायला लागलाय.

व्हायोलिन, व्हिओला, चेलोमध्ये खुंट्या घसरतात हे पहिलं लक्षण. दुसरं, बोटाच्या पेराने कडेकडेने हलकं टकटक करत फिरा, आवाज एका जागी मधेच फडफडला तर तिथे जोड उघडलाय. हा जोड उघडणं तसं बघितलं तर चांगली बातमी, कारण त्या वाद्यांच्या कडा मुद्दाम कमी ताकदीच्या सरसाने चिकटवतात, म्हणजे ताण आला की फळी फुटण्याऐवजी जोड सुटतो आणि परत चिकटवता येतो. आतला साउंडपोस्ट (टॉप आणि पाठीच्या मधे उभी असलेली लाकडी कांडी) एफ-होलमधून (टॉपवरच्या f आकाराच्या भोकातून) टॉर्च मारून बघा, उभा आहे का, तिरका झालाय का.

सतार-तंबोऱ्याला खुंट्या आहेतच, शिवाय सतारीची दांडी आखडली की पडदे बांधलेल्या दोऱ्या सैल होतात आणि पडदे सरकायला लागतात, लोक पडदाच बेसूर झाला समजतात. तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणि भोपळा जिथे जोडलाय ती कड गोल फिरून बघा. भोपळा वरून टणक वाटतो पण कोरडा असताना ठिसूळ होतो, दाबून बघायचा मोह आवरा.

सावधान: चीर दिसली तर तिच्यावरून बोट फिरवू नका. बोटाचं तेल आणि मळ आत गेला की पुढे सरस नीट धरत नाही आणि काळी रेघ कायमची राहते. सरळ सातव्या टप्प्याकडे जा, पण तिसरा ते पाचवा टप्पा करूनच.

३. जागा बदला, हे फुकट आहे

भिंतीवर टांगलेलं गिटार दिसायला भारी, पण कोरड्या सीझनमध्ये ते खाली उतरवा. स्टँडवरचंही. वाद्य केसमध्ये आणि केस बंद, एवढं एक केलं तरी निम्मं काम होतं, कारण दिवसभरात खोलीचा आकडा वीस टक्के खालीवर झाला तरी बंद केसमधला आकडा सावकाश हलतो, आणि लाकडाला मारतो तो मुख्यतः झपाट्याने होणारा बदल.

केस कुठे ठेवायची? हीटरसमोर नाही, एसीच्या झोतात नाही, ऊन येणाऱ्या खिडकीखाली नाही, बाहेरच्या भिंतीला चिकटून नाही. आतली भिंत, जमिनीपासून थोडी वर. कपाटात ठेवलीत तरी चालेल. गाडीच्या डिकीत मात्र अजिबात नाही. उन्हातल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं आणि त्या तापमानाला सरस मऊ पडायला लागतो, वर तारांचा ताण आहेच, ब्रिज उपटून हातात येतो.

केस खरंच बंद होते का ते बघायची एक युक्ती: फोनचा टॉर्च चालू करून रिकाम्या केसमध्ये ठेवा, झाकण लावा, खोली अंधारी करा. जिथून उजेड येतोय तिथून ओलावाही जातोय. हार्ड केस असेल तर कडेला फोमची चिकटपट्टी लावून फट बुजवता येते. कापडी गिग बॅग असेल तर अंधारात ती झिरोच्या बल्बसारखी दिसेल, तिच्यात ओलावा टिकवणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी.

४. केसमध्ये ओलावा

इथे थोडं गणित, कारण ते कळलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. गिटारच्या केसमध्ये समजा १०० लिटर हवा आहे. २५ अंशांना तिची ह्युमिडिटी २५ वरून ५० टक्क्यांवर न्यायला लागतं फक्त अर्धा-पाऊण ग्रॅम पाणी. पण त्यात दोन किलोचं लाकूड पडलंय, आणि ते ६ टक्क्यांवरून ९ वर न्यायला लागतं ५०-६० ग्रॅम. म्हणजे हवेला लागतं त्याच्या जवळपास शंभरपट. म्हणून काय होतं, केसमध्ये स्पंज ठेवला, दुसऱ्या दिवशी मीटर ४८ दाखवतो, माणूस खूश होऊन स्पंज भरायचं थांबवतो, आणि चौथ्या दिवशी आकडा परत ३३. मीटर खोटं बोलत नाही, हवा भरली होती, लाकूड भरलंच नव्हतं.

दोन रस्ते आहेत.

पहिला, दोन्हीकडून काम करणारी पाकिटं. आत क्षारांचं द्रावण आणि वर वाफ जाऊ देणारी पातळ चादर असते, कोरडं असेल तर ओलावा देतात, जास्त असेल तर ओढून घेतात. लाकडी वाद्यांसाठी ४९ टक्क्यांच्या आसपासची मिळतात, तीच घ्या. ही पाकिटं इतर वस्तूंसाठी ६०-७० टक्क्यांचीही मिळतात, स्वस्त मिळाली म्हणून ती टाकू नका. पाकीट नेहमी त्याच्या कापडी पिशवीत, सरळ फिनिशवर नाही. एक साउंडहोलमध्ये तारांवरून लटकवलेलं, एक हेडस्टॉकपाशी (खुंट्यांच्या टोकापाशी). व्हायोलिनला केसच्या कप्प्यात.

दुसरा, घरगुती. भोकं असलेली साबणाची प्लास्टिकची डबी, त्यात नवा कोरा स्पंज. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचा, मग पिळायचा, अजून पिळायचा, आणि मुठीत घट्ट दाबल्यावर एक थेंबही पडला नाही की मगच डबीत घालायचा. डबी बाहेरून कोरड्या कपड्याने पुसून मग केसमध्ये हेडस्टॉकजवळच्या मोकळ्या जागेत. डिस्टिल्ड कशाला? नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजात साठतात आणि तो दगडासारखा होतो. डिस्टिल्ड वापरलं तरी बुरशी येऊ शकते, म्हणून आठवड्यातून एकदा स्पंज धुऊन पूर्ण वाळवून परत.

मी स्वतः केलेली चूक सांगतो. पहिल्या वर्षी साउंडहोलमध्ये लटकवायची स्पंजची नळी आणली होती, घाई होती, दोनदा पिळली, बाहेर जायचं होतं म्हणून तशीच टाकली आणि केस आडवी करून निघून गेलो. संध्याकाळी टॉर्च मारून बघतो तर आत पाठीच्या फळीवर बाटलीच्या झाकणाएवढा गडद डाग, आणि त्याच्या शेजारची पट्टी कडेने किंचित सुटलेली. आतलं लाकूड कच्चं असतं, त्यावर पॉलिश नसतं, एक थेंब पुरतो. डाग अजून आहे. त्यानंतर मी नळी पिळून झाल्यावर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून दहा मिनिटं ठेवतो, टिश्यू ओला झाला तर परत पिळतो. व्हायोलिनच्या एफ-होलमधून आत सोडायच्या रबरी नळीलाही हाच नियम, तिथे तर आत पुसायला हातही जात नाही.

केसमध्ये पाण्याची वाटी, ओलं फडकं, फळांच्या साली, यांतलं काहीही नको. वाटी सांडते, फडकं चिकटतं, साली सडतात.

चेक: केसमधला मीटर स्पंजाच्या किंवा पाकिटाच्या शेजारी ठेवायचा नाही, दुसऱ्या टोकाला ठेवायचा. शेजारी ठेवलात तर तुम्ही स्पंजाची ह्युमिडिटी मोजताय.

५. थांबा, आणि वजन करा

हा टप्पा सगळे गाळतात. वाळलेलं वाद्य दोन दिवसांत सरळ होत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, बाहेरून पॉलिश असल्यामुळे पाणी मुख्यतः आतूनच सावकाश शिरतं. आणि ते सावकाशच शिरायला हवं. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून गिटार तिथे ठेवलेले लोक मला माहीत आहेत, वरचा थर एकदम फुगतो, आतला कोरडाच राहतो, आणि चीर वाचवायला गेलेला माणूस नवीन चीर घेऊन बाहेर येतो.

लाकूड भरलं की नाही हे कळायला माझी आवडती पद्धत: किचनमधला ग्रॅम दाखवणारा काटा. पाकीट केसमध्ये ठेवण्याआधी वजन करा, तारीख टाकून लिहा, दर रविवारी परत करा. पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरतं, घाबरू नका, ते पाणी लाकडात गेलंय. दुसऱ्या आठवड्यात कमी. जेव्हा आठवड्याची घट अगदी थोडी उरते आणि मीटर ४५ च्या वर टिकून असतो तेव्हा समजायचं की लाकडाची तहान भागली, आता जातंय ते फक्त केसच्या फटीतून. पाकीट हाताला कडक, वाळूच्या खड्यांसारखं लागायला लागलं की ते संपलं. पहिल्या आठवड्यातच संपलं तर पाकीट खराब नव्हतं, वाद्य फार कोरडं होतं, नवीन टाका. स्पंजाचंही असंच, वजन करून भरा, अंदाजाने नाही.

या काळात वाजवायचं का? वाजवा, पण झाल्यावर लगेच केसमध्ये आणि वाद्य बाहेर असतानाही केस बंद. हे दुसरं फार कमी लोक करतात, तासभर वाजवतात आणि तासभर केस आ वासून पडलेली असते. सुटलेला जोड, उचकटलेला ब्रिज किंवा चीर असेल तर वाजवू नका, तारा थोड्या उतरवून ठेवा.

सावधान: जास्त झालं तरी नुकसान आहे. आकडा ६० च्या वर राहिला तर टॉप फुगतो, अॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) वर येते, आवाज दबतो, तारा गंजतात आणि केसला कुबट वास सुटतो. अॅक्शन वाढत चाललीय आणि मीटर ६२ दाखवतोय तर स्पंज काढा, अजून भरू नका.

६. आता पाना हातात घ्या

दुसऱ्या टप्प्यातल्या नोंदी काढा आणि तीच तपासणी परत करा. बऱ्याच वेळा गंमत होते की बझ गेलेला असतो, फ्रेटची टोकं आत गेलेली असतात, खुंट्या धरायला लागलेल्या असतात आणि तुम्हाला काहीच करायचं उरत नाही.

उलट क्रमाने केलं तर काय होतं ते मी भोगलंय. टॉप बसल्यामुळे तारा खाली आल्या होत्या, बझ येत होता, एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं, त्याने ह्युमिडिटीबद्दल एक शब्द विचारला नाही, मीही सांगितलं नाही, आणि सॅडल उंच करून दिलं. छान वाजलं. दोन महिन्यांनी हवा ओली झाली, टॉप परत वर आला आणि तारा इतक्या उंच झाल्या की बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना मनगट दुखायला लागलं. परत जुनं सॅडल, परत खर्च.

तर केसमधला आकडा ४५-५५ वर दोन आठवडे स्थिर राहिल्यावर हा क्रम:

ट्रस रॉड आधी, तोही गरज असेल तरच. एकावेळी पाव फेरा, मग सूर लावून थोडा वेळ थांबून परत बघा. रॉड नेकचा बाक सुधारतो, बसलेला टॉप सुधारत नाही, ते काम ओलाव्याचंच.

मग सॅडल आणि अॅक्शन. फ्रेटची टोकं अजूनही टोचत असतील तर आता घासून घ्या, हे काम सवय नसेल तर दुसऱ्याकडून करून घेतलेलं बरं, कानशीचा एक फटका फिनिशवर गेला की भरून येत नाही.

तेलाबद्दल एवढंच की तेल म्हणजे पाणी नव्हे. रोजवूड-एबनीचा फ्रेटबोर्ड पांढरट दिसत असेल तर तार बदलताना फ्रेटबोर्डसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब लावून, पाच मिनिटांनी पूर्ण पुसून काढा, वर्षातून एकदोनदा बास. त्याने ओलावा जाण्याचा वेग थोडा कमी होतो, गेलेला ओलावा परत येत नाही. स्वयंपाकाचं तेल नको, ते कालांतराने खवट आणि चिकट होतं. पॉलिश केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला, वाद्याच्या टॉपला, आतल्या कच्च्या लाकडाला तेल कधीच नाही.

खुंट्यांचं सगळ्यांना घाई असणारं काम. खुंटी बारीक झाली आणि भोक वेडंवाकडं झालं म्हणून ती घसरते. ती कोरड्यात जोर लावून ठोकून बसवली की सूर टिकतो, मान्य, पण हवा ओली झाल्यावर तीच खुंटी फुगते आणि एकतर जन्माची अडकते नाहीतर पेगबॉक्सला (खुंट्या बसतात त्या भागाला) तडा देते. म्हणून आधी ओलावा, मग खुंटी बाहेर काढून पुसून पेग कंपाउंडचा हलका हात, आणि सूर लावताना फिरवता फिरवता आत हलका दाब. कोरड्या दिवसांत कार्यक्रम तोंडावर आला आणि सतार धरतच नसेल तर खडूचा पुसटसा हात चालेल, ठोकाठोकी नाही.

तारा बदलायच्या असतील तर व्हायोलिन कुळातल्या वाद्यांच्या एक एक करून बदला. साउंडपोस्ट चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो, सगळ्या तारा एकदम काढल्या की पडतो आणि कोरड्या दिवसांत तर हमखास पडतो. पडल्याचा आवाज आला तर सगळ्या तारा लगेच सैल करा, आधाराशिवाय टॉपवर ब्रिजचा दाब ठेवू नका, आणि वाद्य कारागिराकडे.

७. चीर गेलीच असेल तर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसली त्याच दिवशी भरणं. चीर उघडी आहे याचा अर्थ लाकूड आखडलेलं आहे. त्या फटीत सुपर ग्लू किंवा भुसा-सरस भरलात आणि नंतर लाकूड फुगलं तर त्याला जायला जागाच नाही, मग शेजारी दुसरी चीर किंवा कायमचा उंचवटा. शिवाय सुपर ग्लू पॉलिशवर ओघळला की तो कारागिराचा दुप्पट वेळ खातो.

क्रम असा: तारा उतरवा, केसमध्ये ठेवा, तिसरा ते पाचवा टप्पा पूर्ण करा. दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच चिरा स्वतःहून मिटतात, इतक्या की उजेड तिरका पाडला तरच दिसतात. मिटली म्हणजे बरी झाली असं नाही हं, लाकूड जोडलं गेलेलं नसतं, पुढच्या कोरड्यात तिथूनच उघडेल. मिटलेल्या अवस्थेत कारागिराकडे न्या, तो सरस आत सारून जोडेल आणि आतून छोट्या लाकडी चकत्या लावेल. नेताना तुमची नोंद दाखवा: किती टक्क्यांवर होतं, किती दिवस, आत्ता किती. जो माणूस हे ऐकून घेत नाही आणि लगेच भरून देतो म्हणतो, त्याच्याकडे ठेवू नका.

खोलीच्या ह्युमिडिफायरचं काय

सतार-तंबोरा, चेलो, डबल बेस, किंवा एका खोलीत पाच-सहा वाद्यं असतील तर खोलीच ओली करणं सोयीचं पडतं, कारण एवढ्या मोठ्या केस नीट बंदही होत नाहीत. पण पाण्याचा हिशोब बघा. ४ बाय ४ ची आणि ३ मीटर उंच खोली म्हणजे ४८ घनमीटर. २५ अंशांना तिथे २५ वरून ५० टक्क्यांवर जायला पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी लागतं, हे सोपं. पण दर दोन तासांनी खोलीतली हवा फटींमधून बदलत असेल तर तेवढंच पाणी दर दोन तासांनी परत, म्हणजे दिवसाला तीन लिटरच्या वर. अर्ध्या लिटरची टाकी असलेलं टेबलावरचं सुंदर यंत्र इथे काही करू शकत नाही. दारं बंद ठेवा, खिडक्यांच्या फटी बुजवा आणि मोठ्या टाकीचं यंत्र घ्या. थंड वाफ सोडणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं जड पाण्याने सगळीकडे पांढरी पूड बसवतात, वाद्यांवरसुद्धा, म्हणून त्यात डिस्टिल्ड पाणी वापरा, नाहीतर ओल्या जाळीवरून पंख्याने हवा फेकणारं यंत्र घ्या. झोत वाद्यावर नको, दोन-तीन मीटर लांब. आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना काचांवर पाणी ओघळायला लागलं तर थोडं कमी करा, भिंतीला बुरशी धरेल.

प्रवासातून आल्यावर

थंडीतून गरम खोलीत आलात तर केस लगेच उघडू नका. वाद्य आत थंडगार असतं, एकदम गरम हवा लागली की पॉलिश आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि पॉलिशवर केसासारख्या बारीक रेघा पडतात. बंद केस चार-पाच तास, खूप फरक असेल तर रात्रभर, तशीच राहू द्या.

सीझन बदलताना

खोलीतला आकडा काहीही न करता आठवडाभर ४५ च्या वर राहायला लागला की स्पंज काढून वाळवून ठेवा. दोन्हीकडून काम करणारी पाकिटं तशीच राहू द्या, ओल्या दिवसांत ती उलटं काम करतात. मीटरची मिठाची तपासणी वर्षातून एकदा, सेल बदलला की परत एकदा, आणि ती कोरडी हवा सुरू व्हायच्या आधी करून ठेवा, अंगठ्याला फ्रेट टोचायला लागल्यावर नाही.